गझालीची किमया आणि माझी एक चुकलेली तळटीप

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका प्रकरणाचा कच्चा खर्डा गाईडना दिला. त्यात एक वाक्य होतं: ‘इस्लामी शिकवणीनुसार मन आत वळलं की शांती मिळते आणि तेच खरं सुख होय.’ खाली तळटीप, अल-गझाली, ‘किमिया-ए-सआदत’. खर्डा परत आला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात दोन प्रश्न. ‘कोणतं पुस्तक? कोणाची शिकवण?’

खरं सांगते, मला राग आला. लेखकाचं नाव दिलंय, पुस्तकाचं नाव दिलंय, पान क्रमांक दिलाय. अजून काय द्यायचं? पण त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा मंडळींना ही हकीकत उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून आज त्या पुस्तकाबद्दल आणि ते आपण कसं वाचतो याबद्दल.

आधी थोडी ओळख. अबू हामिद अल-गझाली हा इराणच्या खुरासान प्रांतातल्या तूस इथला. जन्म साधारण १०५८चा, मृत्यू ११११ला. धर्मशास्त्र, कायदा, तत्त्वज्ञान या तिन्हींत त्याचा दबदबा होता. सेल्जुक सत्तेचा वजीर निजाम-उल-मुल्क याने १०९१मध्ये त्याला बगदादच्या निजामिया मदरशात नेमलं. त्या काळातली ही सर्वांत मानाची प्राध्यापकी म्हणायला हरकत नाही. वय तेहतीसच्या आसपास. पुढे त्याने अरबीत ‘इह्या उलूम अद-दीन’ हा चाळीस ग्रंथांचा प्रचंड संग्रह लिहिला आणि त्याच धाटणीचं, पण आकाराने लहान आणि सामान्य वाचकासाठी, एक पुस्तक फारसीत लिहिलं. तेच हे ‘किमिया-ए-सआदत’.

नावातले दोन्ही शब्द आपल्या जवळचे आहेत. ‘किमिया’ म्हणजे हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या. आपला ‘किमया’ हा शब्द तिथूनच आला. आणि ‘सआदत’ म्हणजे सुख, सौभाग्य, कल्याण. सआदत हसन मंटोच्या नावातला सआदत तो हाच. गझाली सुरुवातीलाच सांगतो की तांब्याचं सोनं करण्याची विद्या जशी कोणाच्याही घरी सापडत नाही, तशी माणसाचं सोनं करण्याची विद्याही नाही. ती ईश्वराच्या खजिन्यात आहे आणि प्रेषितांमार्फत माणसांपर्यंत येते.

आता पहिला प्रश्न. कोणतं पुस्तक?

मी वाचत होते ते क्लॉड फील्ड यांचं इंग्रजी भाषांतर, लंडनहून १९१०ला निघालेलं. शंभर-सव्वाशे पानांचं, गोड, वाचनीय पुस्तक. इंटरनेटवर फुकट मिळतं, आणि गझालीचं म्हणून सुखाबद्दलचं जे सुविचारवजा वाक्य तुमच्या फोनवर येतं ते बऱ्याचदा इथलंच असतं. त्याचं मुखपृष्ठ मी शंभरदा पाहिलं असेल. पण त्यावर ‘हिंदुस्तानीतून भाषांतरित’ असं छापलंय, हे मी गाईडच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा वाचलं! म्हणजे फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून इंग्रजीत. त्याआधीचं १८७३चं हेन्री होम्स यांचं अमेरिकन भाषांतर तुर्कीवरून केलेलं आहे. म्हणजे इंग्रजीत गझाली बराच काळ फिरत फिरत आला.

यात उर्दूचा दोष नाही. हिंदुस्थानात हे पुस्तक मुरलेलंच होतं. अकबराला जी पुस्तकं वाचून दाखवली जात त्यांची यादी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त दिली आहे आणि तिच्यात ‘किमिया’चं नाव आहे. अडचण भाषेची नाही, कात्रीची आहे.

मूळ पुस्तकाची रचना बघा. सुरुवातीला चार मुखप्रकरणं आहेत: स्वतःची ओळख, ईश्वराची ओळख, या जगाची ओळख, पुढच्या जगाची ओळख. मग चार ‘रुक्न’, म्हणजे खांब. पहिला खांब उपासनेचा, दुसरा व्यवहाराचा, तिसरा घातक गोष्टींचा (राग, लोभ, दांभिकपणा वगैरे), चौथा तारक गोष्टींचा. प्रत्येक खांबात दहा प्रकरणं. एकूण चाळीस.

फील्ड यांच्या पुस्तकात किती आहेत? आठ. त्यातली पहिली चार म्हणजे ती मुखप्रकरणं. उरलेल्या चारांत दोन दुसऱ्या खांबातली (संगीत आणि लग्न), दोन चौथ्यातली (आत्मपरीक्षण आणि ईश्वरप्रेम). पहिल्या आणि तिसऱ्या खांबातलं एकही प्रकरण नाही. म्हणजे चाळिसातली चार, आणि चारपैकी दोन खांब साफ गायब. हे कळायला फारसी यावी लागत नाही, दोन अनुक्रमणिका शेजारी ठेवल्या की पुरतं. एवढं साधं काम मी दीड वर्षात केलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, संक्षेप आहे, काटछाट होणारच. मान्य. फील्ड लहान पुस्तकांच्या एका मालेसाठी लिहीत होते. ‘पूर्वेचं शहाणपण’ खिशात मावेल असं छापणं हाच त्या मालेचा हेतू होता आणि त्यामुळे हजारो लोकांना गझाली भेटला. त्यांना खलनायक करण्यात अर्थ नाही. मला त्रास झाला तो कापण्याचा नाही, काय कापलं याचा. नमाज, रोजा, जकात कापले. बाजार कापला. सत्तेचा आणि प्रसिद्धीचा मोह कापला. आणि जे उरलं त्यातून मी ‘इस्लामी शिकवणीनुसार मनःशांती’ असा निष्कर्ष काढला.

मग गझाली सुखाबद्दल नेमकं म्हणतो काय?

त्याचा युक्तिवाद असा. प्रत्येक अवयवाचं सुख तो ज्या कामासाठी घडला त्या कामात असतं. डोळ्याचं सुख पाहण्यात, कानाचं ऐकण्यात. हृदय घडलंय जाणण्यासाठी, म्हणून त्याचं सुख ज्ञानात. इथे तो बुद्धिबळाचं उदाहरण देतो. बुद्धिबळ म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे, तरी ज्याला ते येतं त्याला दुसऱ्याची चुकलेली चाल बघून गप्प बसवत नाही. (वसतिगृहाच्या कॉमन रूममध्ये कॅरमच्या पटाभोवती उभे राहिलेले लोक आठवा.) एवढ्याशा ज्ञानात इतका आनंद, तर राज्याच्या वजिराचं गुपित कळलं तर किती, राजाचं कळलं तर किती, आणि ज्याने सगळं निर्माण केलं त्याची ओळख पटली तर किती? म्हणून सर्वोच्च सुख म्हणजे ईश्वराची ओळख.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवा. यात ‘शांत वाटणं’ कुठेही नाही. आपण सुख, समाधान, शांती, आनंद हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. गझालीची ‘सआदत’ ही भावना कमी आणि अवस्था जास्त आहे. माणूस ज्यासाठी घडला तिथे पोचणं, असा तिचा अर्थ. तिथे जाणारा रस्ता शांत असेलच असं नाही. उलट त्या रस्त्यावर तो तुम्हाला फारसं स्वस्थ बसू देत नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा फील्ड यांनी ठेवलेल्या प्रकरणातच आहे. ते आत्मपरीक्षणाचं, अरबीत ‘मुहासबा’. आपला ‘हिशेब’ शब्द ज्या धातूपासून आला त्याच धातूचा हा शब्द. गझाली सांगतो की स्वतःच्या मनाकडे धंद्यातल्या भागीदाराकडे बघावं तसं बघा. सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर लक्ष ठेवा, रात्री हिशेब मागा. नफा किती, तोटा किती, कुठे फसवलंस? फसवलं असेल तर दंड करा. ध्यानाला बसून मन रिकामं करण्याशी याचं फारसं नातं नाही. ही वहीखात्याची भाषा आहे.

पण ही भाषा आली कुठून? व्यवहाराच्या खांबात कमाई आणि व्यापारावर एक अख्खं प्रकरण आहे, आणि ते संक्षेपात नाही. त्यात गझाली मालाचा दोष लपवू नये, नाही तो गुण सांगू नये, मापात मारू नये इथपासून सुरुवात करतो. धान्य दाबून ठेवून भाव वाढायची वाट बघणाऱ्याला तो झोडपतो. हातात आलेलं खोटं नाणं गुपचूप पुढे सरकवणाऱ्यालाही सोडत नाही, कारण ते नाणं पुढे हातोहात फिरत राहतं आणि पापही त्याच्यासोबत फिरतं. त्याच्या लेखी मनाचा हिशेब आणि दुकानाचा हिशेब या दोन वह्या नाहीतच. संक्षेपात हिशेबाची उपमा राहिली, दुकान मात्र गेलं. मग उपमा नुसती छान वाटते. मूळ पुस्तकात ती चटका देते.

माझ्या मते या पुस्तकाचं खरं म्हणणं इथे आहे. आतली शांती आणि बाहेरची सचोटी यांत गझाली दार ठेवत नाही. दिवसभर काटा मारून संध्याकाळी जप करणाऱ्या माणसाला सुख मिळेल असं त्याने कुठेही कबूल केलेलं नाही.

आपल्याकडे विद्यापीठातसुद्धा एक सोपी विभागणी चालते. एकीकडे कर्मठ, कोरडा, कायद्याचा इस्लाम, दुसरीकडे प्रेमळ, गाणारा सूफी इस्लाम. संक्षेपातला गझाली या विभागणीत दुसऱ्या बाजूला अलगद बसतो. पूर्ण गझाली बसत नाही. हात-पाय कसे धुवावेत हे सांगणारा आणि ईश्वरावरचं प्रेम म्हणजे काय हे सांगणारा माणूस एकच आहे, पुस्तकही एकच आहे. आणि तो पहिलं प्रकरण दुसऱ्याची तयारी म्हणून लिहितो.

आता थोडं त्याच्या आयुष्याबद्दल, कारण इथे बहुतेक लेख एक गोष्ट सांगून थांबतात. १०९५चा जुलै महिना. बगदादच्या त्या मानाच्या प्राध्यापकाची जीभ अडखळली. शिकवायला बसला की शब्द फुटेना. अन्न जाईना. वैद्यांनी हात टेकले. सहा महिने जावं की राहावं या ओढाताणीत काढल्यावर मक्केला जातो असं सांगून तो बगदादमधून निघाला आणि गेला दमास्कसला. पुढे जेरुसलेम, हेब्रॉन, मक्का. पुन्हा सरकारी मदरशात शिकवायला लागला ते थेट ११०६मध्ये, निशापूरला. हे सगळं त्यानेच ‘अल-मुन्किज मिन अद-दलाल’ या आत्मकथनवजा पुस्तकात लिहिलंय. कारणही दिलंय. मी शिकवतो ते कशासाठी, असं त्याने स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं की ईश्वरासाठी नाही, मान आणि नाव यांसाठी.

हे वाचलं तेव्हा मला सहामाही प्रगती अहवाल भरायचा होता. झोप उडाली होती, लिखाण अडलं होतं, आणि या पुस्तकाकडे मी निम्मी संशोधक म्हणून आणि निम्मी आजारी म्हणून बघत होते. नऊशे वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाची अशीच दातखीळ बसली होती, याचा मला फार आधार वाटला. तो आधार खोटा नव्हता. पण आधार म्हणजे पुरावा नव्हे. मला जे ऐकायचं होतं तेच मी त्याच्या तोंडून वदवून घेत होते.

पुरावा म्हणून बघायचं तर काही प्रश्न विचारावेच लागतात. ‘मुन्किज’ लिहिलंय घटनेनंतर दहा-बारा वर्षांनी, निशापूरला परतल्यावर. म्हणजे ही रोजनिशी नाही, मागे वळून रचलेली कहाणी आहे. १०९२मध्ये त्याचा आश्रयदाता निजाम-उल-मुल्क मारला गेला, त्याच वर्षी सुलतान मलिकशाह गेला आणि वारसांची भांडणं पेटली. फरीद जबर या अभ्यासकाने असं मांडलं की बगदाद सोडण्यामागे मारेकऱ्यांची भीतीही असावी. केनेथ गार्डन यांनी २०१४च्या पुस्तकात दाखवायचा प्रयत्न केला की ‘मुन्किज’ हे निशापूरमधल्या टीकाकारांना दिलेलं उत्तरही आहे. यातलं काहीही मानलं तरी गझालीची तडफड खोटी ठरत नाही. माणूस एकाच वेळी खरोखर व्याकूळ असू शकतो, घाबरलेला असू शकतो आणि नंतर स्वतःची बाजू मांडणाराही असू शकतो. ‘संकट आलं, धर्म सापडला, शांती मिळाली’ ही सरळ रेघ मात्र ठरत नाही.

आता माझी गझालीबद्दलची तक्रार. गाईड काही म्हणाल्या नव्हत्या, ही माझीच आहे.

लग्नाच्या प्रकरणात तो फायदे-तोटे मोजतो. एक फायदा असा की घर सांभाळायला, रांधायला, भांडी घासायला, झाडलोट करायला कोणीतरी असतं. पुरुष त्यातच अडकला तर त्याला ना ज्ञान मिळवता येईल ना उपासना करता येईल. मी हे स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचलं. हृदयाचं सुख ज्ञानात, हे मान्य. मग भांडी घासणारीच्या हृदयाचं काय? ते कशासाठी घडलं? पहिल्या प्रकरणातलं हृदय कोणत्याही माणसाचं आहे, लग्नाच्या प्रकरणातला माणूस मात्र पुरुषच आहे. ही फट त्याच्या सिद्धान्ताच्या आतली आहे, बाहेरून आणून चिकटवलेली नाही. त्याच्याच तर्काने तिचंही सुख ज्ञानातच असायला हवं, आणि मग तिच्या वेळेचा हिशेब कोणीतरी द्यायला हवा. तो देत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या प्रसिद्ध रूपकाची. शरीर हे राज्य, हृदय राजा, बुद्धी वजीर, वासना वसुली अधिकारी, राग कोतवाल. राजाने वजिराचं ऐकावं, बाकीच्या दोघांना मुठीत ठेवावं, पण काढून टाकू नये, कारण वसुली आणि कोतवाली दोन्ही लागतातच. राग आणि वासना मारून टाकायला तो सांगत नाही हे मला फार समंजस वाटतं. पण रूपक सेल्जुक दरबारातलं आहे. ज्याने प्रत्यक्ष वजीर मारला गेलेला आणि राज्य फाटलेलं पाहिलं, तो मनाची व्यवस्था लावताना पुन्हा राजा-वजीरच कल्पितो. यात आशा आहे की सवय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न. कोणाची शिकवण? ‘इस्लामी शिकवणीनुसार’ असं लिहिणं म्हणजे चौदाशे वर्षं आणि कितीतरी मतमतांतरं एका शब्दात कोंबणं. गझालीवर मुस्लिम विद्वानांनीच कडक टीका केलीय. तो सांगतो त्या सगळ्या हदीस पक्क्या नाहीत हा जुना आक्षेप आहे. इब्न अल-जौझीने तो घेतला, आणि पुढे अल-इराकी (मृत्यू १४०४) याने ‘इह्या’मधली एकेक हदीस कुठून आली हे शोधण्याचं चिकाटीचं काम केलं. म्हणून गझालीच्या पुस्तकातून हदीस उचलून ‘प्रेषितांनी म्हटलं आहे’ असं थेट लिहू नका. आधी तपासा. कुराणातल्या तेराव्या सूरेच्या अठ्ठाविसाव्या आयतीत ईश्वराच्या स्मरणाने हृदयं निवतात अशा अर्थाचं वचन आहे, ते आज मनःशांतीवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात असतं. पण त्या वचनाचा एखाद्या टीकाकाराने लावलेला अर्थ, गझालीने लावलेला अर्थ आणि आजच्या समुपदेशकाने लावलेला अर्थ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या प्रबंधात त्या तीन वेगळ्या वाक्यांत दिसल्या पाहिजेत.

थोडक्यात, सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. भाषांतर वापरत असाल तर ते कोणत्या भाषेवरून झालं ते मुखपृष्ठावर वाचा. मूळ ग्रंथाची अनुक्रमणिका मिळवा आणि शेजारी ठेवून मोजा. ‘किमिया’चं पूर्ण इंग्रजी भाषांतर आता जे क्रूक यांनी केलेलं आहे, संक्षेपावर भागवण्याची गरज उरलेली नाही. मूळ भाषा येत नसेल तर किमान दहा कळीचे शब्द मूळ लिपीत ओळखायला शिका. मी फारसी शिकतेय, गाडी अजून क्रियापदांपाशीच अडलीय, पण ‘सआदत’ आणि ‘शांती’ एक नाहीत हे कळायला तेवढं पुरलं.

प्रकरणातलं ते वाक्य आता असं आहे: ‘अल-गझालीच्या “किमिया-ए-सआदत”मध्ये सुख म्हणजे ईश्वराची ओळख, तिथे पोचण्यासाठी उपासना, प्रामाणिक व्यवहार, घातक वृत्तींचा निग्रह आणि रोजचा आत्महिशेब या चारही गोष्टी तो आवश्यक मानतो.’ आधीच्या वाक्यापेक्षा लांब आहे, कमी गोड आहे. गाईडनी समासात काही लिहिलं नाही, पुढच्या पानावर मात्र तीन प्रश्न आहेत.

झोपेचं म्हणाल तर ती हळूहळू आली. गझालीमुळे आली असं म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण रात्री लॅपटॉप मिटताना एक प्रश्न मी त्याच्याकडून घेतलाय: आज जे लिहिलं त्यातलं माझं माहीत असलेलं किती, आणि नुसतं चांगलं वाटतंय म्हणून लिहिलेलं किती? दुसरा आकडा मोठा असेल त्या दिवशी ती पानं सकाळी पुन्हा लिहिते.